अपग्रेड झाले, आवाज गेला!

नवी मुंबई, प्रतिनिधी

रविवारची सकाळ. अमेरिकेतील मुलाशी बोलण्यासाठी नेरूळमधील आजी-आजोबा लॅपटॉपसमोर बसतात. पडद्यावर नातवाचा हसरा चेहरा उमटतो, त्याचे ओठ हलताना दिसतात, पण आवाज मात्र येत नाही. आवाजाची पट्टी शंभरावर नेऊन पाहिली, लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला, तरी शांतता कायम! शनिवारी रात्रीपर्यंत हाच लॅपटॉप व्यवस्थित बोलत होता. मधल्या काळात घडले ते इतकेच, की रात्रभरात त्यावर 'विंडोज'ची नवी आवृत्ती बसली. लॅपटॉप तोच, त्यातील स्पीकर तेच. बदलली ती केवळ ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली.

अलीकडच्या काळात असा प्रसंग अनेक घरांत आणि लहान कार्यालयांत उद्भवू शकतो, याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चे नियमित साहाय्य थांबविले. त्यानंतर सुरक्षाविषयक सुधारणा हव्या असतील, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव मुदतीच्या योजनेत नाव नोंदवायचे किंवा 'विंडोज ११' स्वीकारायचे, असे दोनच अधिकृत पर्याय घरगुती वापरकर्त्यांपुढे उरले. साहजिकच अनेकांनी दुसरा मार्ग धरला. बहुतेकांचे अपग्रेड सुरळीत पार पडते. मात्र ज्यांचा लॅपटॉप मुका होतो, त्यांच्यापुढे खरा प्रश्न असतो तो दुरुस्तीच्या दुकानात शिरल्यानंतर. 'फॉरमॅट मारावा लागेल' किंवा 'मदरबोर्ड गेला' अशी वाक्ये ऐकली, की सर्वसामान्य माणूस गांगरून जातो. पहिल्या वाक्यात वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि कागदपत्रे गमावण्याचा धोका असतो, तर दुसऱ्यात हजारो रुपयांचा भुर्दंड! अपग्रेडनंतर लगेच गेलेला आवाज हा बहुतांश वेळा यंत्राचा दोष नसतो. तो कुठे अडकला आहे, हे थोड्या शिस्तीने शोधले तर घरच्या घरी परतही आणता येतो. त्यासाठी प्रथम आवाजाचा प्रवास समजून घ्यावयास हवा.

आवाज येतो कुठून?

आपण एखादे गाणे सुरू करतो, तेव्हा ते थेट स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. प्रथम गाणे वाजविणारा प्रोग्रॅम आपला ध्वनी विंडोजच्या हवाली करतो. विंडोजमध्ये 'विंडोज ऑडिओ' नावाची सेवा पडद्याआड अखंड चालू असते. निरनिराळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळून ते कोणत्या उपकरणाकडे पाठवायचे, हे ती ठरविते. तिने तयार केलेला ध्वनी 'ड्रायव्हर'कडे जातो. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि यंत्रातील विशिष्ट चिप यांच्यामधला दुभाषा. हा दुभाषा मदरबोर्डवरील ध्वनीच्या चिपला सूचना देतो. दुरुस्तीवाले जिला 'साउंड आयसी' म्हणतात, ती हीच चिप. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ती तैवानच्या 'रिअलटेक' कंपनीची असते. आकड्यांच्या रूपातील ध्वनीचे विद्युतलहरींत रूपांतर करणे हे तिचे काम. पुढे ॲम्प्लिफायर त्या लहरींची शक्ती वाढवितो आणि अखेरीस स्पीकरचा पडदा कंप पावून आपल्याला आवाज ऐकू येतो.

या साखळीत प्रोग्रॅम, विंडोजची सेवा, ड्रायव्हर, चिप आणि स्पीकर अशा पाच कड्या आहेत. अपग्रेडमुळे पहिल्या तीन कड्यांना धक्का बसतो. शेवटच्या दोन कड्या धातू आणि सिलिकॉनच्या आहेत. विंडोजची आवृत्ती बदलल्याने त्या सहसा जळत किंवा तुटत नाहीत. म्हणूनच अपग्रेडच्या दुसऱ्याच दिवशी 'मदरबोर्ड गेला' असे कोणी सांगितले, तर तपासणी कशी केली, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

अपग्रेडमध्ये बिघडते काय?

पहिले कारण ड्रायव्हरचे. नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसताना जुना ड्रायव्हर तिला मानवला नाही, तर विंडोज त्याच्या जागी 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' नावाचा आपला सर्वसाधारण ड्रायव्हर बसविते. पुष्कळ लॅपटॉपवर त्याने काम भागते. परंतु काही कंपन्या स्पीकरसाठी खास ॲम्प्लिफायर वापरतात आणि तो कसा चालवायचा हे त्यांच्याच ड्रायव्हरला ठाऊक असते. अशा ठिकाणी सर्वसाधारण ड्रायव्हरने आवाज येतच नाही, किंवा डब्यातून आल्यासारखा पातळ येतो.

दुसरे कारण फारच साधे आणि म्हणूनच सहज नजरेतून निसटणारे आहे. नवी सिस्टीम उपकरणांची यादी नव्याने तयार करते. त्यात कधी घरातील टीव्ही, कधी बाहेरचा मॉनिटर, तर कधी कपाटात ठेवलेला ब्लूटूथ हेडफोन हेच 'मुख्य उपकरण' ठरते. विंडोज आवाज पाठवीत असते, पण तो भलत्याच पत्त्यावर!

तिसरे कारण ध्वनी 'सुधारणाऱ्या' सॉफ्टवेअरचे. लॅपटॉप कंपन्या आवाज भारदस्त करण्यासाठी ड्रायव्हरच्या जोडीला आणखी एक थर बसवितात. हा थर जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला असल्यास नव्या आवृत्तीत तो संपूर्ण ध्वनीच अडवू शकतो.

चौथे कारण परवानग्यांचे. मायक्रोफोन कोणत्या प्रोग्रॅमला वापरू द्यायचा, हे आता विंडोजच्या गोपनीयतेच्या विभागात ठरते. तेथील एक कळ बंद असली, की आपण सर्वांना ऐकू शकतो, पण आपला आवाज कोणालाच जात नाही.

हे आजचे नव्हे

ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आणि आवाज रुसला, हा अनुभव नवा नाही. ३० जानेवारी २००७ रोजी 'विंडोज व्हिस्टा' सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ध्वनीची अंतर्गत रचनाच बदलली होती. प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची सोय तिच्यातून मिळाली. पण 'एक्सपी'च्या काळातील अनेक साउंड कार्डांचे ड्रायव्हर निरुपयोगी ठरले. खेळांतील ध्वनीसाठी साउंड कार्डाची थेट मदत घेण्याची जुनी पद्धतही मोडीत निघाली. त्या काळी मुंबईकर आणि नवी मुंबईकर साउंड कार्डाच्या शोधात लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग गाठत असत. आज ध्वनीची चिप मदरबोर्डवरच असल्याने लॅपटॉपचे कार्ड बदलण्याची सोय उरलेली नाही. म्हणूनच योग्य ड्रायव्हर मिळविण्याला महत्त्व आले आहे.

'विंडोज ११' ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्या बाबतीतही काही दोष मायक्रोसॉफ्टने स्वतःच मान्य केले. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवरील 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी'च्या विशिष्ट ड्रायव्हरमुळे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत असे. त्यामुळे असा ड्रायव्हर असलेल्या संगणकांना अपग्रेड देणे थांबविण्यात आले आणि सुधारित ड्रायव्हर बसविण्यास सांगण्यात आले. '२४एच२' या आवृत्तीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये 'डिरॅक' कंपनीचे ध्वनी सुधारणारे सॉफ्टवेअर असलेल्या काही संगणकांत अंगचे स्पीकर, ब्लूटूथ स्पीकर आणि हेडसेट हे सारेच गप्प झाल्याचे मान्य करण्यात आले. त्या संगणकांनाही अपग्रेड रोखून धरण्यात आले आणि २०२५ मध्ये नवा ड्रायव्हर उपलब्ध झाल्यावर मार्ग मोकळा झाला. जानेवारी २०२५ च्या मासिक सुरक्षा सुधारणेनंतर यूएसबीला जोडण्याची काही बाह्य ध्वनी-उपकरणे 'कोड १०' असा संदेश देऊन बंद पडली होती. त्याची दुरुस्ती पुढील सुधारणेतून करण्यात आली.

या तिन्ही उदाहरणांत लॅपटॉपचे यंत्र निर्दोष होते. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता आणि तो सॉफ्टवेअरनेच दूर झाला.

पहिली दहा मिनिटे

आवाज गेल्याचे लक्षात येताच काहीही काढून टाकण्याची किंवा नव्याने बसविण्याची घाई करू नये. प्रथम साध्या गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१) लॅपटॉप 'रीस्टार्ट' करावा. 'शट डाऊन' करून पुन्हा चालू करणे आणि 'रीस्टार्ट' करणे यांत फरक आहे. वेगाने सुरू होता यावे यासाठी विंडोज 'शट डाऊन'च्या वेळी आपल्या गाभ्याची स्थिती साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहू शकतो. 'रीस्टार्ट'मध्ये सारे नव्याने सुरू होते.

२) कीबोर्डवरील आवाज बंद करण्याची कळ चुकून दाबली गेली आहे काय, हे पाहावे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर फुली असेल, तर उत्तर तेथेच मिळाले.

३) त्याच चिन्हावर क्लिक केल्यावर आवाजाच्या पट्टीशेजारी उपकरणांची यादी उघडण्याचे छोटे बटण दिसते. यादीत 'स्पीकर्स' निवडलेले आहेत, की टीव्ही, मॉनिटर अथवा ब्लूटूथ उपकरण, हे तपासावे. आवाज भलत्या पत्त्यावर जात असल्यास तो येथे परत वळविता येतो.

४) 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टीम', त्यातील 'साउंड' आणि त्यातील 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडावे. येथे प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतंत्र पट्टी असते. केवळ एकाच प्रोग्रॅमचा आवाज गेला असेल, तर त्याची पट्टी शून्यावर असू शकते. याच पानाच्या तळाशी सर्व आवाज मूळ स्थितीत आणणारे 'रीसेट'चे बटण आहे.

५) 'साउंड'च्या पानावर 'ऑल साउंड डिव्हाइसेस'मध्ये आपल्या स्पीकरचे नाव निवडावे. तेथे हे उपकरण वापरण्याची परवानगी 'डोन्ट अलाऊ' केलेली नाही ना, हे पाहावे. 'टेस्ट' बटण दाबून चाचणीचा आवाज येतो का ते ऐकावे. तेथेच 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' हा पर्याय असतो. तो 'ऑफ' करून पुन्हा चाचणी घ्यावी. ध्वनी सुधारणारा थरच आडवा आला असेल, तर एवढ्यानेच आवाज परततो.

६) 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन उरलेल्या सुधारणा बसवून घ्याव्यात. तेथील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली 'ऑप्शनल अपडेट्स' नावाचा विभाग आहे. अनेकदा ध्वनीचा नवा ड्रायव्हर तेथे येऊन पडलेला असतो. पण आपण निवडल्याशिवाय तो बसत नाही.

दोष यंत्रात की सिस्टीममध्ये?

एवढे करूनही आवाज आला नाही, तर साखळीतील नेमकी कोणती कडी तुटली, हे शोधावे. त्यासाठी घरातील एक ब्लूटूथ हेडफोन अथवा यूएसबीला जोडायचा हेडसेट पुरेसा आहे. ही उपकरणे मदरबोर्डवरील ध्वनीच्या चिपला वळसा घालून थेट विंडोजशी बोलतात. त्यांतून आवाज आला, तर प्रोग्रॅम आणि विंडोजची सेवा या दोन कड्या शाबूत आहेत. दोष पुढे, म्हणजे ड्रायव्हर, चिप किंवा स्पीकरमध्ये आहे. त्यांतूनही आवाज आला नाही, तर 'सर्व्हिसेस' नावाचे साधन उघडून 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन सेवा चालू आहेत की नाहीत, हे पाहावे. चालू असल्या तरी एकदा 'रीस्टार्ट' करून घ्याव्यात.

पुढची चाचणी साध्या, गोल पिनच्या हेडफोनची. त्यातून आवाज येतो, पण लॅपटॉपच्या स्पीकरमधून येत नाही, असे असल्यास हेडफोनच्या खोबणीकडे लक्ष द्यावे. पिन घातली आहे की नाही, हे ओळखणारी सोय त्या खोबणीतच असते. खाडीकाठच्या दमट हवेने आणि पावसाळ्यातील ओलाव्याने तेथील धातूवर पुटे चढतात किंवा धूळ अडकते. मग पिन काढली तरी ती आतच असल्याचा लॅपटॉपचा समज कायम राहतो आणि तो स्पीकरकडे आवाज पाठवीतच नाही. लॅपटॉप बंद करून कोरडी पिन पाच-सहा वेळा आत-बाहेर केल्याने पुष्कळदा काम होते. पाणी किंवा तेल घालण्याचा मोह मात्र टाळावा.

यंत्र निर्दोष आहे, याची खात्री करून घेण्याचा आणखी एक मार्ग आहे. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालणारी तपासणीची सोय दिलेली असते. तशी नसल्यास 'उबुंटू'सारखे लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन, ते संगणकात न बसविता केवळ 'ट्राय' या पर्यायाने चालवून पाहता येते. तेथे स्पीकर वाजले, तर चिप आणि स्पीकर ठणठणीत आहेत, हे सिद्ध झाले. न वाजल्यास मात्र यंत्र बिघडले असाच निष्कर्ष काढू नये, कारण काही नव्या चिप लिनक्सलाही ओळखता येत नाहीत. एक खबरदारी आवश्यक आहे. अनेक लॅपटॉपवरील माहिती 'बिटलॉकर'च्या कुलपात असते आणि संगणक सुरू होण्याच्या क्रमात बदल केल्यास विंडोज तिची किल्ली, म्हणजे ४८ अंकांची 'रिकव्हरी की' मागू शकते. सामान्यतः ही किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठविलेली असते. ती आधी लिहून ठेवल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

ड्रायव्हरची दुरुस्ती

दोष ड्रायव्हरचा असल्याचे दिसल्यास 'स्टार्ट' बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. तेथील 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या शीर्षकाखाली आपल्या चिपचे नाव दिसते. नावाशेजारी पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असेल, तर ड्रायव्हर नीट सुरू झालेला नाही. खाली वळलेला बाण असेल, तर उपकरण बंद ठेवले आहे. राइट क्लिक करून 'एनेबल' करावे. नावावर दोनदा क्लिक केल्यास उघडणाऱ्या चौकटीत दोषाचा क्रमांकही मिळतो. 'कोड १०' म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही, तर 'कोड २८' म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाही.

याच चौकटीतील 'ड्रायव्हर' या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण उजळलेले असल्यास आधीचा ड्रायव्हर परत आणता येतो. ते फिके असेल, तर नवा ड्रायव्हर मिळवावा. तो मिळविण्याची खात्रीची जागा एकच, ती म्हणजे लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीचे अधिकृत संकेतस्थळ. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल किंवा सीरियल क्रमांक तेथे टाकला, की नेमक्या त्याच यंत्राचे ड्रायव्हर समोर येतात. चिप 'रिअलटेक'ची असली, तरी ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीकडूनच घ्यावा. कारण स्पीकर आणि ॲम्प्लिफायरची जुळणी तिने केलेली असते.

बसविण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम 'चिपसेट'चा ड्रायव्हर, नंतर लॅपटॉपला लागू असल्यास 'इंटेल स्मार्ट साउंड'चा आणि शेवटी ध्वनीच्या चिपचा. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये ध्वनी प्रोसेसरजवळच्या स्वतंत्र ध्वनी-प्रक्रियकातून चिपकडे जातो. मधली पायरीच नसेल, तर शेवटच्या ड्रायव्हरला चिप दिसतच नाही. नवा ड्रायव्हर बसविण्यापूर्वी जुना 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'ने काढावा, त्या वेळी ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकोनात खूण करावी आणि संगणक 'रीस्टार्ट' करावा. जुन्या-नव्या ड्रायव्हरचे अवशेष एकमेकांत मिसळणे, हे अपग्रेडनंतरच्या त्रासाचे मोठे कारण असते.

आवाज येतो, पण...

काहींचा आवाज पूर्ण जात नाही. तो तुटतो, फाटतो किंवा मंदावतो. 'ऑल साउंड डिव्हाइसेस'मध्ये 'फॉरमॅट' या पर्यायात ध्वनीचा दर्जा आकड्यांत दिलेला असतो. तो '२४ बिट, ४८००० हर्ट्झ' किंवा '१६ बिट, ४८००० हर्ट्झ' असा बदलून पाहिल्यास अनेकदा खरखर थांबते. व्हिडिओ कॉल सुरू होताच गाण्याचा आवाज अचानक दबत असेल, तर तो दोष नव्हे. कॉलच्या वेळी इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची विंडोजची ती रीतच आहे. जुन्या पद्धतीच्या 'साउंड' चौकटीतील 'कम्युनिकेशन्स' या पानावर 'डू नथिंग' निवडले, की ती थांबते.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी उत्तम ऐकू येतात, पण बैठकीत सर्वांचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा येतो, ही तक्रारही नेहमीची आहे. हेडफोनचा मायक्रोफोन वापरात आला, की साधे ब्लूटूथ संभाषणाच्या कमी दर्जाच्या पद्धतीवर उतरते. अशा वेळी मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन निवडावा. हेडफोन केवळ ऐकण्यासाठी ठेवावा.

आपला आवाज समोर जातच नसेल, तर 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'तील 'मायक्रोफोन' उघडावे. तेथे 'मायक्रोफोन ॲक्सेस', सर्वसाधारण ॲपसाठीची परवानगी आणि 'डेस्कटॉप ॲप'साठीची परवानगी अशा तीन कळा असतात. तिन्ही चालू हव्यात. घरून काम करणाऱ्या किंवा ऑनलाइन मुलाखत देणाऱ्या उमेदवाराने ही तपासणी आदल्या दिवशीच करावी. मुलाखतीच्या वेळी 'माझा आवाज येतोय का?' असे विचारीत पहिली दहा मिनिटे घालविण्यापेक्षा ते बरे!

लिनक्सकडे वळलेल्यांसाठी

'विंडोज ११' साठी 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आवश्यक आहे. त्यामुळे अनेक चांगले लॅपटॉप अपग्रेडला अपात्र ठरले आणि त्यांच्या मालकांपैकी काहींनी लिनक्सचा आश्रय घेतला. तेथेही ध्वनीची रचना बदलली आहे. 'पल्सऑडिओ' या जुन्या व्यवस्थेच्या जागी 'पाइपवायर' ही नवी व्यवस्था एप्रिल २०२१ मध्ये 'फेडोरा ३४'ने आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये 'उबुंटू २२.१०'ने स्वीकारली. जुन्या आवृत्तीवरून थेट नव्यावर उडी घेणाऱ्यांना दोन्हींच्या अवशेषांचा त्रास होऊ शकतो. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवून कोणत्या पट्टीखाली 'एमएम' ही बंद असल्याची खूण आहे, ते पाहावे. 'एम' कळ दाबली की ती उघडते. नव्या इंटेल लॅपटॉपवर ध्वनी उपकरण दिसतच नसेल, तर 'साउंड ओपन फर्मवेअर'चे पॅकेज बसविले आहे का, हे तपासावे.

परतीचा मार्ग

सारे उपाय थकले, तरी एक दार उघडे असते, मात्र मोजकेच दिवस. अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टीम', 'रिकव्हरी' आणि 'गो बॅक' या मार्गाने जुन्या आवृत्तीकडे परतता येते. आपल्या फाइल शाबूत राहतात; अपग्रेडनंतर बसविलेले प्रोग्रॅम मात्र जातात. हे दार उघडे राहावे म्हणून 'विंडोज.ओल्ड' नावाचा फोल्डर जागा वाचविण्याच्या भरात पुसून टाकू नये. 'विंडोज १०'कडे परतणाऱ्यांनी सुरक्षेची वाढीव मुदत घेतल्याखेरीज त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे ठरेल. परतल्यावर आवाज लगेच आला, तर दोष अपग्रेडचाच होता, हेही निःसंशय ठरते.

फसवणुकीपासून सावध

आवाज परत मिळविण्याच्या घाईत आपण इंटरनेटवर शोध घेतो आणि तेथेच सापळे असतात. 'तुमचे ४५ ड्रायव्हर जुने आहेत' असे घाबरविणारी मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नयेत. 'मायक्रोसॉफ्ट साहाय्य केंद्र' असे म्हणवणाऱ्या फोन क्रमांकावर तर मुळीच बोलू नये. विंडोजच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन क्रमांक कधीही नसतो, हे मायक्रोसॉफ्टने वारंवार स्पष्ट केले आहे. अशी मंडळी दूरवरून संगणकाचा ताबा देणारे ॲप बसवायला सांगतात आणि पुढे बँकेचे खाते रिकामे होते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा प्रकाराबाबत बँकांना सावध केले होते. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तात्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

दुरुस्तीच्या दुकानात जाण्याची वेळ आलीच, तर छायाचित्रे आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी आणि मगच लॅपटॉप हाती द्यावा. 'ब्लूटूथवर आवाज येतो, स्पीकरवर येत नाही. लिनक्सवर स्पीकर वाजतात' असे नेमके शब्दांत सांगावे. एवढे सांगणाऱ्या ग्राहकाला सहसा कोणी मदरबोर्डच्या गोष्टी सांगत नाही. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि बदललेला सुटा भाग परत मागावा. लॅपटॉप वॉरंटीत असेल, तर तो बाहेर उघडू न देता कंपनीच्या अधिकृत केंद्रातच न्यावा. सेवेबाबत तक्रार असल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

समजा, चिपच निकामी झाली आहे, हे खरोखर सिद्ध झाले. तरीही लॅपटॉप भंगारात काढण्याचे कारण नाही. यूएसबीला जोडायचे छोटे साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळते आणि त्याला साधा हेडफोन किंवा स्पीकर जोडता येतो. मदरबोर्डच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे. शिवाय आपल्याच शहरांच्या माथी येणारा ई-कचरा तेवढाच कमी होतो.

नेरूळच्या त्या घरातही कदाचित एवढेच घडले असेल. दिवाणखान्यातील टीव्हीला लॅपटॉप एकदा जोडला होता, अपग्रेडनंतर विंडोजने टीव्हीलाच मुख्य उपकरण मानले आणि नातवाचा आवाज बंद असलेल्या टीव्हीकडे जात राहिला. स्पीकरच्या चिन्हाशेजारचे एक बटण दाबले, की रविवार पुन्हा बोलू लागतो!